पक्कड

"आ कर," दातांच्या डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या.

ठकीने ओठ आणखीच घट्ट मिटले. गेले सहा महिने ती व्हिडिओवर तोंडावर हात धरूनच बोलत होती. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलेल्या बाईला ते कळणार नाही होय? जावयाचा हात उठतो, हे मनाशी धरून, लेकीचंही परतीचं तिकीट काढूनच त्या इकडे परदेशात आल्या होत्या. विमानतळ ते लेक-जावयाचा गाईंचा गोठा, गाडीने सात तास. वाटेत जावयाशेजारी न बसता मागेच बसल्या.

"ठके, आ कर म्हणते ना!"

तिने तोंड उघडलं. वरचा, समोरचा एक दात गायब.

"कोणी पाडला?"

"ह्यानेच. पण आई, ऐक तरी…"

जावई गमबूट घालून दाराशी उभा होता. मान खाली. डॉक्टरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी सवयीने त्यांनी मोबाइलचा उजेड आत पाडला, आणि थबकल्या. मार लागून पडलेला दात नव्हता हा. शेजारच्या दातावर बारीक ओरखडे होते.

"कशाने काढला?"

"पकडीने," जावई म्हणाला. "कुंपणाच्या तारेची. उकळून घेतली होती, आई. गाल हा एवढा सुजलेला. दवाखाना चार तासांवर, आणि तारीख दीड महिन्यानंतरची. पाच दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं."

"अहो, मग मला फोन करायचा!"

"आणि काय सांगायचं?" ठकी म्हणाली. "दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या लेकीचा दात गोठ्यात काढला म्हणून?" मग हळूच म्हणाली, "आता आजूबाजूचे सगळे याच्याकडेच येतात. परवा पलीकडच्या शेतावरची म्हातारी येऊन गेली."

लेकीला पोटाशी धरून रडावं, की या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी, हे डॉक्टरीणबाईंना कळेना. त्यांनी साबणाने हात धुतले. बराच वेळ धुतले.

"पक्कड आणा बघू."

त्याने आणली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, त्याच्या पंजात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून जागेवर बसवली.

"ओढायचं नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आधी डुलवायचं. आणि पुढच्या म्हातारीला साखर आहे का, ते अगोदर विचारायचं."