कवटीजवळचे तीळ

सकाळी साडेसात वाजता प्रयोगशाळेचा मेल आला. सांगाड्याच्या कवटीजवळ सापडलेले तीळ प्राचीन नव्हते. अगदी अलीकडचे होते.

ऋताने मेल पुन्हा वाचला. जानेवारीत, गंगेपलीकडच्या एका टेकाडावर उत्खनन करताना तिच्या तुकडीला तो सांगाडा सापडला होता. नगरं वसण्याच्या, धातू हाताळला जाण्याच्या कितीतरी आधीचा, कोवळ्या वयाचा माणूस. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पुरलेला. कवटीलगतच्या मातीत काळे दाणे मिळाले, काही तिळाचे, काही भाताचे. सगळेच जळून काळे झालेत असं तेव्हा वाटलं. काळे तीळ मुळातच काळे असतात, हे मातीत माखलेल्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

तिळावर तिचं काही अडलं नव्हतं. भातावर अडलं होतं. भात त्या माणसाच्या काळचा निघाला, तर शिकारीमागे फिरणारी माणसं या काठावर केव्हा थांबली आणि पेरू लागली, ती वेळ बरीच मागे जाणार होती. ऋताचं सगळं काम त्या चिमूटभर दाण्यांवर उभं होतं. दाणे प्रयोगशाळेत पोचले होते. तपासणी व्हायची होती.

विभागप्रमुख अनिमेष सरांचा फोन लगेच आला.

“ऋता जी, तिल कहाँ से आया? संक्रांत पर आप लोग बाँटते हैं न?”

“सर, वो सफ़ेद होता है. गुड़ में.”

“तो किसी ने डाला है.” सरांनी आवाज खाली आणला. “दोपहर तक पता कीजिए. नहीं तो चावल भी वापस मँगवा लूँगा. लोग यही कहेंगे कि हमने रखवाए.”

‘हमने’ म्हणजे कोणी, हे तिला सांगावं लागलं नाही.

पितृपक्ष चालू होता. तिचे वडील यज्ञेश्वरशास्त्री पहाटेच काशीच्या पंचगंगा घाटावर गेले होते आणि त्यांचा डबा तिनेच पोचवायचा होता. दूधविनायक मोहल्ल्याच्या गल्ल्या उतरताना ती एकेकाला आठवून बघत होती. विद्यार्थी, मजूर, मध्येच डोकावून गेलेले पाहुणे. संशय कोणावरच टिकेना. म्हणजे उरली ती स्वतःच.

घाटावर पाणी अजून वरच्या पायऱ्यांवर होतं. यज्ञेश्वरशास्त्री नांदेडहून आलेल्या एका यजमानाला तर्पण सांगत होते. त्यांनी पळीने त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. मग वाटीत बोटं घातली आणि चिमूटभर काळे तीळ त्या पाण्यात सोडले.

ऋताचा पाय पायरीवरच अडला. सांगाडा निघाला त्या दिवशी बाबा बघायला आले होते. सगळे जेवायला गेले तेव्हा खड्ड्याशी ते एकटेच होते.

“बाबा, जानेवारीत तुम्ही खड्ड्यात उतरला होतात?”

“उतरलो होतो की.” त्यांनी मान वर केली. “का?”

“आणि काय केलंत?”

“तर्पण. तूच म्हणालीस, याचं पुढचं-मागचं कोणीच माहीत नाही. माणूस उघड्यावर पडलाय आणि काशीचा भट शेजारी बसून पोळीभाजी खातोय, बरं दिसलं असतं का ते? गोत्र ठाऊक नव्हतं, म्हणून काश्यप म्हटलं.”

ऋता पायरीवर बसली. तीळ कोणाचे ते कळलं होतं. पण आता खरा प्रश्न विचारायचा होता.

“तिळाबरोबर आणखी काय होतं? नीट आठवून सांगा. तांदूळ होते?”

“तांदूळ?” शास्त्रीबुवा दुखावले. “पितरांच्या तर्पणात तांदूळ? अगं, देवांना अक्षता, ऋषींना जव, पितरांना तीळ. दूधविनायकातल्या मांजरांनाही पाठ आहे ते. एवढी शिकलीस ती कुठे?”

“घरातून निघताना पिशवीत, पंच्यात, कुठे चुकून एखादा दाणा?”

“तर्पणाची पिशवी वेगळी असते माझी. तिच्यात तांदूळ जातच नाहीत. दर्भ होता, तोही उचलून आणला. कचरा करू नये अशी पाटी तूच लावली होतीस ना तिथे?”

“गुरुजी,” यजमान हळूच म्हणाला, “पाणी सगळं गळून गेलं.”

“पुन्हा घेऊ. गंगा कुठे जातेय?”

ऋता हसली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती हसतच राहिली. तिने तिथूनच फोन लावला.

अनिमेष सरांनी सगळं ऐकून घेतलं. “यानी तिल पिताजी के. और चावल?”

“चावल उनके नहीं हैं, सर. तर्पण में पितरों को वो चावल देते ही नहीं.”

सर मोठ्याने हसले. “चावल वहीं रहने दीजिए. जाँच होने दीजिए.”

तिने डबा शास्त्रीबुवांच्या शेजारी ठेवला, चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बसली.

दसरा होऊन गेला आहे. भाताचा निकाल अजून आलेला नाही. यज्ञेश्वरशास्त्री त्याबद्दल कधी विचारत नाहीत. तर्पणाच्या मंत्रात त्यांनी पुरुष धरला होता, आणि हाडं इतक्या कोवळ्या वयाची आहेत की त्यांवरून स्त्री की पुरुष ते सांगता येत नाही. रात्री पानावर बसले की ते ऋताकडे बघून एवढंच विचारतात, “मुलगा होता की मुलगी?” ते अजून ठरलेलं नाही.