घर निघालं टेकडीवर

टेसला पहिली मुलगी झाली त्या वर्षी बँकेचा माणूस घर बघायला आला. टेसच्या आजोबाने, क्लॅरीने, त्याला चहासुद्धा विचारला नाही. दंडाला धरून सरळ व्हरांड्यातल्या खांबाशी नेलं.

"ही बघ चोपन्न सालची खूण. ही चौऱ्याहत्तरची. आणि ही वर, छपराजवळ, दोन हजार बावीसची. एवढे पूर आले, पण घर जागचं हललं नाही!"

ऑस्ट्रेलियातल्या लिझमोर गावात पुराच्या खुणा लोक अशाच कौतुकाने दाखवतात. नातवंडांची उंची दाखवावी तशा. बँकेचा माणूस मान डोलावत सगळं लिहून घेत होता. टेसने आजोबांना मागून चिमटा काढला.

"पॉप, गप्प बस ना!"

"का? खोटं बोलतोय का मी?"

टेसने कर्ज काढून हे घर घ्यायचं, त्या पैशातून काकांचे हिस्से द्यायचे आणि क्लॅरीने शेवटपर्यंत इथेच राहायचं, असं ठरलं होतं. आठवड्याने बँकेचं उत्तर आलं. नदीकाठच्या या घराचा विमा काढायला कोणतीच कंपनी तयार नव्हती. विमा नाही, तर कर्जही नाही.

एक काका म्हणाले, "आता वृद्धाश्रम बघू या. तिथे जेवण बरं असतं म्हणे."

"तू जा जेवायला," क्लॅरी म्हणाला. "मला या घरातून चौघं खांद्यावर नेतील तेव्हाच मी निघेन."

टेस बाळाला थोपटत येरझाऱ्या घालत होती. ती एकदम थांबली.

"बरं पॉप, तू घर सोडू नकोस. घरच इथून हलवू."

तिच्या सासऱ्यांचं गाईंचं कुरण टेकडीवर होतं. त्यांनी त्यातला एक कोपरा दिला. घर लाकडी, लाकडाच्याच उंच खांबांवर उभं. अशी घरं गावाने पूर्वीही हलवलेली. टेकडीवरची जागा कळवली तसा विमा निघाला. मागोमाग कर्जही मिळालं.

घर मधोमध कापून दोन मोठ्या ट्रकांवर चढवलं. पुढच्या अर्ध्या घराच्या व्हरांड्यात क्लॅरी खुर्ची टाकून बसला होता.

ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, उतरा खाली! घरात माणूस बसवून न्यायची परवानगी नाही."

"मग मला सामानात धर!"

शेवटी टेसने त्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. सगळी गल्ली रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवत होती. वाटभर क्लॅरी मान वळवून विचारत राहिला, "येतंय ना रे मागून?"

क्लॅरी वारला तो घर हलवल्यावर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या मोठ्या पुरात, भर सकाळी, आपल्या खोलीत, कोरड्या अंथरुणावर.