दारापुढे उभे राहण्याचा नियम

घंटा वाजेल त्या क्षणी जो ज्या दारापुढे उभा असेल, ते घर त्याचे. एका दारी दोघे असल्यास त्यांनी आपसांत समजूत करून घ्यावी. सर्वांनी मिळून बांधलेल्या त्या वसाहतीत घरवाटपाचा हा नियम एकमताने संमत झाला होता. चिठ्ठ्यांना माणसाची अडचण कळत नाही, असे सर्वांचे मत पडले होते.

तळमजल्यावर सामायिक स्वयंपाकघर सोडता एकच घर होते. शिंपी त्या दारापुढे उभा होता, परंतु त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. अंगणात खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. आणि शेजारी त्याच दाराशी, कमरेवर हात ठेवून, सातवा महिना लागलेली परिचारिका उभी होती.

"भाऊ, तुम्हीच घ्या हे घर. मी चढेन हळूहळू."

"छे छे, ताई! अशा अवस्थेत जिने चढायचे? अण्णांना आम्ही उचलून नेऊ."

"उचलणार कोण?" त्याची बायको फणकारली. "सुई उचलताना कंबर धरते तुमची!"

शिंपी ओशाळला. तो तडक तिसऱ्या मजल्यावर गेला आणि एका रिकाम्या दारापुढे उभा राहिला. तेथून त्याने वाकून खाली पाहिले. तळमजल्याचे दार ओस पडले होते. समोरच्या सज्जात परिचारिका कठड्याला धरून धापा टाकत होती.

"अहो ताई, खाली जा ना!"

"मी तुमच्यासाठीच सोडलं, भाऊ! तुम्ही जा!"

खाली घंटा वाजवण्याचे काम सोपवलेल्या गवंड्याने हातोडी उगारली. शिंपी जिन्याकडे धावला, परत फिरला, पुन्हा धावला. त्याची स्थिती ना धड वर, ना धड खाली अशी झाली.

इतक्यात नव्या फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. बसल्या बसल्या काठीने जमीन रेटत म्हातारा त्या दारापर्यंत येऊन पोहोचला होता.

गवंड्याचा हात थबकला. "अण्णा, दारापुढे उभं राहायचं ठरलंय."

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"उभं राहता आलं असतं, तर हे घर कशाला मागितलं असतं रे?"