वाढलेली लांबी

उडवलेल्या काडतुसाची पुंगळी लांबीला व्हर्निअरवर बरोबर भरली, तरी सौमित्रने कुतूहलाने वाकडी तार आत फिरवली. ती तळाजवळच्या खाचेत अडकली. पितळ आतून पातळ झालं होतं.

पुन्हा भरण्याआधी साच्यात दाबल्यावर पुंगळी दर वेळी लांबायची आणि तो ती घासून मापात आणायचा. ती वाढ या भिंतीचं पितळ ओढलं जाऊनच येत होती! अशाच पुंगळ्या पुन्हा भरून त्याने ताईला दिल्या होत्या. एखादी फुटली, तर तिचा डोळाच जाईल.

तो हात हलवत नेमबाजीच्या रेंजवर धावला. "ताई, उडवू नकोस!"

"गाढवा, नेम गेला ना माझा!" ताईने रायफल खाली केली.

त्याला रडूच फुटलं. "सगळी काडतुसं दे."

"अर्धी कोच सरांनी नेली. ते पलीकडे उडवतायत."

पलीकडे बार झाला. एरवी प्रत्येक बारानंतर सर स्वतःलाच शिवी हासडत. ती ऐकायला सौमित्र कान देऊन उभा राहिला.