कुंडलिकचा खोकला

"तुम्ही पत्र्याच्या कारखान्यात किती वर्षं होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"लग्न झालं तवा लागलो. कारखाना बंद पडला तवर होतो," कुंडलिक म्हणाला.

"काम काय होतं?"

"पोती फोडायची. आत पांढऱ्या कापसागत असायचं, ते सिमेटात कालवायचं. त्याचेच घरावरचे पत्रे व्हायचे."

"तोंडाला काही बांधायचात?"

"रुमाल. उन्हाळ्यात तोबी नाय."

"आणि कामाचे कपडे?"

"तेच घालून घरी. किन्हवलीला उतरायचो तो पार पांढरा होऊन. ही वाटेवर उभीच असायची." त्यानं शेजारी बसलेल्या लेकीकडं, रत्नप्रभाकडं बोट केलं. "तशीच खांद्यावर घ्यायचो. मग हिची आय ओरडायची, पोरीचे केस आताच धुतलेत म्हणून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत जातात, फुप्फुसाच्या आवरणात रुततात आणि तीस-चाळीस वर्षं गप्प राहतात. मग तिथं कॅन्सर धरतो. मेसोथेलिओमा म्हणतात त्याला. फार थोड्यांना होतो.

कुंडलिकला धोंडी आठवला. त्याच्याच पाळीतला. छातीत पाणी होऊन गेला. शेवटी शेवटी आडवं होता येत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून झोपायचा.

"यावर औषध हाय का?"

"त्रास कमी करता येतो. पाणी काढता येतं. पण मुळापासून बरं होणं अवघड."

"किती दिवस म्हणायचे?"

डॉक्टरांनी रत्नप्रभाकडं पाहिलं. तिनं हळूच नकाराची मान हलवली. डॉक्टरांनी कागद पुढं ओढून औषध लिहायला घेतलं.

"डॉक्टरांना तुमच्या कामाचं विचारायचंय," एवढंच सांगून तिनं त्याला आणलं होतं. त्याचा खोकला जुनाच होता, त्यामुळे त्यानंही जास्त विचारलं नव्हतं. निघताना डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमच्या छातीच्या फोटोत तसं काही दिसत नाही. खोकल्याचं औषध तेवढं घ्या."

कुंडलिक काय ते समजला. धोंडीलाही पहिल्यांदा असंच सांगितलं होतं.

रत्नप्रभा सासरी, वैशाखरे गावाला, परत गेलीच नाही, बापाकडंच राहिली. जावई जीवन तिचे कपडे घेऊन आला. दोघं अंगणात हळू आवाजात बोलत होती. कुंडलिक बाहेर आला तशी थांबली.

"माझ्यापायी संसार सोडून किती दिवस बसशील गो?"

"असू द्या बाबा. इथं बरं वाटतं."

काळजीनं पोर वाळत चालली होती. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची. हंडा आणताना मध्येच उंबऱ्यावर टेकायची. कुंडलिकला ते बघवेना. रात्री खोकला आला की तो उशीत तोंड खुपसायचा. लेकीला तेवढा तरी आवाज नको.

एका संध्याकाळी त्यानं मन घट्ट करून विषय काढला. "वड्याकडचं भाताचं खाचर तुझ्या नावावर करतो."

"आता कशाला बाबा?"

"बोलायला पायजे. मी काय कायमचा हाय? माझ्यामागं रडत बसू नको. तुझ्या पिंकीची दहावी हाय. आयच खचली तं पोरीनं कुणाकडं बघायचं?"

रत्नप्रभानं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. कुंडलिक अंगणातच बसून राहिला. जरा बेतानं बोलायला हवं होतं, असं त्याला वाटलं. तिला धीर द्यायला त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

छातीतलं पाणी काढायचं लेक-जावयाच्या कुजबुजीतून त्याच्या कानावर आलं होतं. तो दिवस आला. "मला ठाव हाय, जाऊ आपण," रत्नप्रभा काही म्हणायच्या आधीच कुंडलिक म्हणाला आणि धुतलेला शर्ट घालून बसला. दवाखान्यातल्या बाकावर त्यानं जावयाला हळूच सांगितलं, "मला आत घेतलं का हिला भाईर चहाला ने. सुई बघून घाबरंल. लहानपणापासून भित्री हाय."

जीवननं मान वळवली. तो भिंतीकडं बघत राहिला.

दार उघडलं. "पाणी काढायचंय ना? चला," सिस्टर म्हणाली.

कुंडलिक उठला आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.

"तुम्ही नाही, बाबा. तुम्ही बसा."

रत्नप्रभानं गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, बापाच्या हातात ठेवलं आणि ती आत गेली.