E म्हणजे एमेट

नेब्रास्कातल्या आमच्या पगारी बेसबॉल संघात, सबंध सामन्यात एकही हिट न देणारा पहिला पिचर, म्हणजे गोलंदाज, लिंडक्विस्ट. नवव्या डावात एक सणसणीत चेंडू आमच्या क्षेत्ररक्षक एमेटच्या ग्लव्हला चाटून गेला आणि समोरच्यांचा एक गडी बेसवर पोचला. अख्ख्या सामन्यात तेवढाच. ती फलंदाजानं कमावलेली हिट धरून विक्रम मोडायचा, की एमेटची चूक धरून तो राखायचा, हे स्कोरर म्हणून मी ठरवायचं होतं. विक्रमाच्या मोहानं मी 'चूक' लिहिलं. फलकावर 'एरर'चा, म्हणजे चूक झाल्याचा, E पेटला, आणि 'E म्हणजे एमेट' ही थट्टा गावाला जन्माची पुरली.

एकतीस वर्षांनी, लिंडक्विस्टच्या अंत्यविधीनंतर चर्चबाहेर मी एमेटला गाठलं.

"एमेट, तो चेंडू कुणाच्या बापालाही अडवता आला नसता. हिटच होती ती. मी खोटं लिहिलं."

तो हातातली टोपी फिरवत राहिला. "लिंडक्विस्टला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझ्यामुळे तो एक गडी पोचला, नाहीतर तुझा याहून मोठा विक्रम झाला असता, असं म्हणून दर नाताळला मी त्याची माफी मागायचो रे."

 

एमेटनं टोपी डोक्यावर चढवली. "आणि दर नाताळला तो मला माफ करायचा."