शेवटचं कोण?

एलिगियो गाडीखाली उताणा पडला होता आणि त्याला जगातली फक्त पावलं दिसत होती. वर, उघड्या बॉनेटपाशी, शेजारचा रिनेरियो एका हातात पाना धरून उभा होता. त्याचं बाकी सगळं थंड असलं तरी तोंड चालू होतं. पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचे होते. गाडी बावन्न सालची शेवरोले, शॉकअप मोडीत निघालेल्या एका रशियन गाडीचे. गाडीचं आणि त्यांचं जमेल अशी सांता क्लारात कुणाचीच अपेक्षा नव्हती.

एलिगियोला मात्र ते आजच जमवायचं होतं. गेल्या रविवारी त्यानं ओदालिसला फिरायला नेलं होतं. साठीला टेकलेल्या माणसानं सगळं धैर्य गोळा करून ‘माझ्याशी लग्न’ एवढं म्हणेपर्यंत खड्डा आला. गाडी उडाली, ओदालिस उडाली, दुपारभर बसून सेट केलेले केस छताला जाऊन चेपले आणि वर जीभही चावली गेली. ती तिथंच उतरली. आधी हिच्या उड्या थांबव, मग तोंड उघड, असं सुनावून चालत घरी गेली. आज दुपारच्या बसनं ती बहिणीकडे ओल्गिनला निघणार होती. बहिणीनं तिकडे एक विधुर दंतवैद्य हेरून ठेवला होता.

सल्ला द्यायला गल्लीतले तिघं आले आणि भिंतीच्या सावलीत ओळीनं उभे राहिले. सावली अरुंद होती, एवढाच त्यांचा गुन्हा. पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईनं ती ओळ पाहिली, थबकली आणि विचारलं, शेवटचं कोण? तिघांतल्या शेवटच्यानं हात वर केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. जन्मभराची सवय; या गावात रांग दिसली की पुढे काहीतरी वाटप असणारच. बाई त्याच्यामागे उभी राहिली आणि मग तिच्यामागे जग उभं राहिलं. थोड्याच वेळात कोपऱ्यापर्यंत बातमी होती की कोंबडी आलीय. कोपऱ्यापलीकडे अंडी आली होती. शेपटाला तर खात्रीनं माहीत होतं, साबण आहे आणि माणशी दोन वड्या. ही बातमी उलटी फिरून पहिल्या तिघांपर्यंत आली, तेव्हा तेही सल्ला विसरून नंबर धरून राहिले.

इकडे गाडीखाली वेगळंच संकट. रशियन शॉकअपचा दांडा वरच्या भोकापर्यंत पोचतच नव्हता, दोन बोटं कमी पडत होता. पुढचा भाग खाली दाबायला हवा होता. रिनेरियोनं बॉनेट बंद करून वर बसून पाहिलं, पण त्याच्या वजनानं सायकलची गादीही दबली नसती. मग त्यानं बॉनेट पुन्हा उघडून रांगेतल्या पहिल्या पाच जणांना मडगार्डांवर आणि पुढच्या बंपरवर बसायला सांगितलं आणि स्वतःला मधून हात घालायला जागा ठेवली. का बसायचं, हे कुणी विचारलं नाही. साबणासाठी याहून विचित्र गोष्टी केलेल्या लोकांची ती रांग होती. गाडी खाली बसली, दांडा भोकातून वर आला, रिनेरियोनं नट आवळला आणि सरकारी आवाजात म्हणाला, “पुढचे पाच.” उतरलेल्या पाचांना आपल्याला मिळालं की नाही ते कळेना. खबरदारी म्हणून ते पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या बाजूचा नट आवळला जात असतानाच एलिगियोला लाल सँडल दिसल्या. शेजारी एक बॅग. ओदालिस बस पकडायला निघाली होती, पण रांग ओलांडून पुढे जाणं तिच्या रक्तात नव्हतं; ती सुरुवातीलाच रांगेत लागली होती आणि आता तिचा नंबर आला होता. दुसरे पाच जण उतरले, रिनेरियोनं बॉनेट लावलं, तेव्हा तिला गाडी ओळखू आली. पण नंबर लागल्यावर सोडतं कोण? ती एकटीच बॉनेटवर चढून बसली, ऐसपैस. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. ओदालिस उठली आणि पुन्हा धपकन बसली. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. तेव्हा ती खाली उतरली आणि वाकून गाडीखाली पाहू लागली.

“एलिगियो, माझी बस गेली. इथं वाटतायत तरी काय?”

एलिगियोनं तोंडावरचं ऑइल पुसायला हात फिरवला. ते आणखी पसरलं.

“नवरा,” तो म्हणाला. “एकच आलाय.”

ओदालिसनं मागे वळून रांगेकडे एक नजर टाकली. रांग कोपऱ्यावरून वळली होती आणि तिच्यात बायका जरा जास्तच होत्या.

“मग मागच्यांना सांगून टाक,” ती म्हणाली. “संपला.”

रिनेरियोनं तसं जाहीर केलं. रांगेतून नेहमीचा सुस्कारा निघाला आणि शेवटी उभ्या असलेल्या म्हातारीनं विचारलं, उद्या पुन्हा येणार आहे का?